विषाणूवरचा प्रयोग: परवानगी कोणी, कधी आणि कशाची द्यायची?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर देशभर गाजलं. तिथल्या पोल्ट्री फार्मवर कोंबड्या पटापट मरू लागल्या, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ जाहीर झाली. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात झाकलेली माणसं कोंबड्या मारून खड्ड्यात पुरताना आपण तेव्हा टीव्हीवर पाहिली. त्या विषाणूचं नाव एच५एन१. तो माणसाला सहजासहजी होत नाही. पण जगभरात ज्यांना झाल्याची नोंद आहे, त्यांतले निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावले. इतका जहाल विषाणू असूनही जगावर मोठं संकट आलं नाही, याचं कारण एकच: एका माणसाच्या खोकल्यातून तो दुसऱ्याकडे सहज जात नाही.

नवापूरनंतर पाच वर्षांनी, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात रॉन फूशिए या विषाणूतज्ज्ञांनी जाहीर केलं की त्यांनी नेमकी हीच गोष्ट बदलून पाहिली आहे. त्यांनी एच५एन१ मध्ये काही बदल केले आणि तो फेरेटच्या नाकात सोडला. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लहान प्राणी. फ्लू झाला की तो माणसासारखाच शिंकतो, म्हणून फ्लूच्या अभ्यासात त्याला वापरतात. एका फेरेटकडून विषाणू घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याकडून तिसऱ्याला, असं दहा वेळा केलं. शेवटी शेजारच्या पिंजऱ्यातल्या, कसलाही स्पर्श न झालेल्या फेरेटला तो हवेतून लागला. हवेतून लागण झालेले फेरेट मेले नाहीत, हेही इथे सांगायला हवं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात योशिहिरो कावाओका यांनीही वेगळ्या पद्धतीने असाच निकाल मिळवला.

दोन्ही कामांना अमेरिकी सरकारचा पैसा होता. दोन्ही ठिकाणी बंदोबस्त असलेल्या प्रयोगशाळा होत्या. तरीही निबंध छापायला गेले तेव्हा हलकल्लोळ झाला आणि तेव्हापासून एक प्रश्न सरकारांच्या मागे लागला आहे: असे प्रयोग करू द्यायचे का, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा? कोविडनंतर हा प्रश्न व्हॉट्सअॅपवरच्या भांडणांत इतका अडकला की त्यातला मूळ मुद्दाच दिसेनासा झाला. तो जरा पहिल्यापासून बघू.

आधीच रोग थोडे आहेत का, की नवे बनवायचे?

या विषयावर बोललो की हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि तो अगदी रास्त आहे.

शास्त्रज्ञांचं उत्तर असं. निसर्गातला विषाणू सतत बदलतोच. त्यातला कोणता बदल त्याला माणसामाणसांत पसरायला मदत करील, हे आधी कळलं तर पाळत ठेवता येते. कोंबड्यांच्या किंवा गायींच्या नमुन्यात ते बदल दिसले की लगेच सावध होता येतं. धरणाची भिंत कुठे कच्ची आहे हे पूर येण्याआधी कळावं म्हणून तिथे मुद्दाम दाब देऊन बघावं, तसं हे. फेरेटच्या प्रयोगांतून पुढे आलेल्या बदलांकडे आज बर्ड फ्लूचे नमुने तपासताना खरोखरच लक्ष दिलं जातं.

विरोधकांचं म्हणणं असं, की प्रयोगशाळेत सापडलेली वाट विषाणू निसर्गात घेईलच असं नाही. शिवाय लस करायला याची गरज पडतेच असंही नाही. कोविडच्या विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारी २०२० मध्ये जगाला मिळाला आणि १६ मार्चला अमेरिकेत लसीच्या चाचणीचा पहिला डोस माणसाला टोचला गेला. त्यासाठी तो विषाणू आणखी घातक करून पाहावा लागला नव्हता.

माझं मत विचाराल तर अशा प्रयोगांतल्या बहुसंख्यांचा फायदा खरा आहे, आणि अगदी थोड्यांचा फायदा जोखमीच्या मानाने तोकडा आहे. सगळी अडचण ते ‘थोडे’ वेगळे काढण्यात आहे.

तीन शब्द समजून घेऊ

पहिला, जैवसुरक्षा. जंतूंपासून माणसांना जपणं: हातमोजे, बंद कपाटं, हवा गाळणारे फिल्टर, हात धुण्याची शिस्त.

दुसरा, जैवसंरक्षण. हे उलटं आहे: वाईट हेतूच्या माणसांपासून जंतूंना जपणं. कुलूप, नोंदवही, कपाटाची चावी कोणाकडे आहे याचा हिशेब. अमेरिकेत २००१ मध्ये अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जिवाणूंची पूड घातलेली पत्रं टपालाने गेली, पाच माणसं मेली, आणि त्यानंतर घातक जंतू कोणाच्या ताब्यात आहेत याची सरकारी नोंद आणि तपासणी कडक झाली.

तिसरा शब्द अवघड आहे: दुहेरी वापर. शेतातलं कीटकनाशक पीक वाचवतं आणि तेच घरात विष म्हणूनही घेतलं जातं, डबा एकच. काही संशोधन तसं असतं. कॅनबेरातल्या शास्त्रज्ञांना ऑस्ट्रेलियात शेतांचं नुकसान करणाऱ्या उंदरांची पैदास रोखायची होती. त्यासाठी त्यांनी उंदरांच्या देवीच्या विषाणूत एक जनुक घातलं. निघालं भलतंच: ज्या जातीचे उंदीर या रोगाला पुरून उरायचे तेही मेले, आणि लस दिलेल्यांपैकीही काही मेले. २००१ मध्ये हे छापून आलं. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण लसीला दाद न देणारा विषाणू कसा करायचा याची एक वाट जगाला कळली. अशा कामाला दुहेरी वापराचं चिंताजनक संशोधन म्हणतात. इथे कुलूप उपयोगाचं नाही. कपाटातून काहीही न हलता धोका बाहेर पडतो, कारण तो माहितीत असतो.

आणि ‘गेन ऑफ फंक्शन’? शब्दशः, सजीवाला नवी क्षमता मिळणं. मधुमेहाचं इन्सुलिन बनवणारे जिवाणूही या व्याख्येत बसतात. म्हणून नुसता हा शब्द ऐकून घाबरू नये. काळजी त्याच कामाची, ज्यात साथ पसरवू शकणारा जंतू आणखी पसरणारा, आणखी मारक किंवा लसीला न जुमानणारा होण्याची शक्यता असते.

भिंती एवढ्या जाड असताना जंतू बाहेर येतो कसा?

प्रयोगशाळांच्या जैवसुरक्षेच्या चार पातळ्या असतात: बीएसएल-१ ते बीएसएल-४. पहिली म्हणजे कॉलेजची लॅब. चौथीत बाहेरून हवा पुरवलेला अंगभर पोशाख, एकामागून एक बंद होणारी दारं, खोलीतली हवा बाहेर न झिरपता आतच ओढली जाईल असा दाब, आणि बाहेर पडताना रसायनाचा शॉवर. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्थेची अशी प्रयोगशाळा आहे. केरळात निपाहचा संशय आला की नमुने पुण्याला येतात ते याच संस्थेकडे.

मग अपघात होतात कुठे? बहुतेक वेळा भिंतीत नाही, माणसाच्या समजुतीत.

२००४ मध्ये बीजिंगच्या विषाणू संस्थेतून सार्स, म्हणजे कोविडच्याच कुळातला एक विषाणू, बाहेर आला. विषाणू मेला आहे असं समजून तो साध्या प्रयोगशाळेत हाताळला गेला होता. तो जिवंत होता. नऊ जणांना लागण झाली आणि एका संशोधक विद्यार्थिनीची आई दगावली. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेत म्हणजे सीडीसीत अँथ्रॅक्सचे जिवाणू मेले असं समजून कमी बंदोबस्ताच्या खोल्यांत पाठवले गेले. डझनावारी कर्मचाऱ्यांना लागणीचा धोका झाला. लगेच पुढच्या वर्षी उघड झालं, की अमेरिकी लष्कराच्या डगवे इथल्या केंद्रातून कित्येक वर्षं ‘मेलेला’ अँथ्रॅक्स म्हणून जिवंत अँथ्रॅक्स देशोदेशींच्या प्रयोगशाळांना पाठवला जात होता. तीन वेगळ्या संस्था, दोन वेगळे देश, चूक एकच: मारला म्हणून लिहिलं, पण मेला का हे नीट पाहिलं नाही.

ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमची गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त छळते. १९७८ साल. जगात देवीचा नैसर्गिक रुग्ण उरला नव्हता. जॅनेट पार्कर या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात छायाचित्रकार होत्या. त्यांची खोली देवीवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर. ऑगस्टमध्ये त्यांना देवी झाली, ११ सप्टेंबरला त्या गेल्या. देवीने मेलेली जगातली ती शेवटची व्यक्ती. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी आत्महत्या केली. विषाणू वर नेमका कसा पोहोचला यावर अजून वाद आहे. पण ती जागा पुरेशी सुरक्षित नाही अशी शंका जागतिक आरोग्य संघटनेने आधीच व्यक्त केली होती. त्यानंतर देवीचे साठे जगात दोनच ठिकाणी ठेवायचे ठरले, एक अमेरिकेत आणि एक रशियात. जॅनेट पार्कर विषाणूवर काम करत नव्हत्या, त्यांना त्यातला पगार नव्हता आणि त्यांची संमतीही कोणी घेतली नव्हती. अशा संशोधनावर देखरेख ठेवण्याचा हक्क समाजाला कुठून येतो, असं कोणी विचारलं की मला त्या आठवतात.

अमेरिकेने केलं काय?

पुन्हा फेरेटकडे येऊ. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी सरकारच्या जैवसंरक्षण सल्लागार मंडळाने सांगितलं: निष्कर्ष छापा, कृती छापू नका. पुढच्या महिन्यात फ्लूच्या संशोधकांनी स्वतःहून साठ दिवस काम थांबवलं. ती विश्रांती वर्षभर लांबली. मार्चमध्ये मंडळाने सुधारलेले निबंध पाहिले आणि मत बदललं. कावाओकांच्या निबंधाला एकमताने होकार. फूशिए यांच्या निबंधाला बारा विरुद्ध सहा. मध्येच नेदरलँड्स सरकारने एक वेगळाच मुद्दा काढला: हा निबंध परदेशी मासिकाला पाठवणं म्हणजे निर्यात आहे, तेव्हा निर्यात परवाना काढा. फूशिए यांनी निषेध नोंदवत अर्ज केला, परवाना मिळाला, आणि २०१२ च्या मध्यापर्यंत दोन्ही निबंध छापून आले.

बैल गेला आणि झोपा केला, असं हे झालं. प्रयोग झालेला, विषाणू फ्रीजमध्ये, निकाल परिषदेत सांगून झालेला, आणि समिती बसली आहे शब्द गाळायला. तिथून पुढची सगळी धडपड हा प्रश्न मागे नेण्याची, म्हणजे कामाला हात लावण्याआधी विचारण्याची आहे.

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेने पहिलं धोरण आणलं: पंधरा घातक जंतू आणि विषं, सात प्रकारचे प्रयोग; दोन्ही याद्यांत बसणारं काम असेल तर आधी छाननी. २०१४ मध्ये ती जबाबदारी संस्थांवरही टाकली. त्याच वर्षी सीडीसीतला अँथ्रॅक्सचा प्रकार घडला आणि पाठोपाठ वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी शीतखोलीत देवीच्या विषाणूच्या, १९५० च्या दशकातल्या, विसरलेल्या कुप्या सापडल्या. लोक हादरले. ऑक्टोबरमध्ये सरकारने फ्लू, सार्स आणि त्याच कुळातला मर्स यांना अधिक घातक करू शकणाऱ्या कामाचा पैसाच थांबवला.

ही स्थगिती तीन वर्षं टिकली. डिसेंबर २०१७ मध्ये ती उठली आणि जागी नवी चौकट आली: साथ पसरवू शकणारा जंतू वाढीव ताकदीचा होणार असेल, तर पैसे देण्याआधी आरोग्य खात्याच्या पातळीवर समिती बसेल. कागदावर छान. पण त्या समितीपुढे पुढच्या पाच-सहा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच प्रस्ताव गेले. कारण समितीकडे काय पाठवायचं हे ठरवणारी संस्था तीच, जी त्या संशोधनाला पैसे देत होती. सोसायटीच्या अध्यक्षाने स्वतःच्या गॅलरीचं वाढीव बांधकाम बैठकीपुढे आणायचं की नाही हे स्वतःच ठरवावं, तसा प्रकार. अध्यक्ष प्रामाणिक असला तरी ही रचना चुकीची आहे.

मे २०२४ मध्ये जुने नियम एकत्र करून व्हाइट हाउसने मोठं धोरण जाहीर केलं. त्यात दोन वर्ग होते. पहिला वर्ग दुहेरी वापराच्या कामाचा. इथे संस्था आणि पैसे देणारं खातं मिळून छाननी करणार. दुसरा वर्ग साथीची ताकद वाढलेल्या जंतूंचा. इथे त्याहून वरच्या पातळीवर निर्णय. ते लागू व्हायचं होतं ६ मे २०२५ ला. ५ मे ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला: हे धोरण १२० दिवसांत बदला किंवा नवं आणा, चीन, इराण अशा देशांत होणाऱ्या धोकादायक गेन-ऑफ-फंक्शन कामाला पैसे देणं थांबवा, नियम मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सरकारी निधी बंद. संस्थांनी वर्षभर तयारी केलेली, समित्या नेमलेल्या, आणि आदल्या दिवशी चक्र फिरलं. आदेशातल्या काही गोष्टी मला पटतात, विशेषतः सरकारी पैसा नसलेल्या कामावरही लक्ष ठेवायची योजना करा, ही सूचना. पण नियम असा दर वर्षा-दोन वर्षांनी उलटत राहिला, तर चांगला शास्त्रज्ञ गोंधळतो आणि वाईट शास्त्रज्ञाला निमित्त मिळतं.

मग व्याख्या एकदाची ठरवून का टाकत नाहीत?

ती ठरवणं किती कठीण आहे ते बोस्टनमध्ये ऑक्टोबर २०२२ ला दिसलं. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी कोविडचा सुरुवातीचा विषाणू घेतला आणि त्याला ओमायक्रॉनचा काटा, म्हणजे पेशीला चिकटणारं बाहेरचं प्रथिन, जोडलं. हा संकर एका खास जातीच्या उंदरांना दिला. ऐंशी टक्के उंदीर मेले. बातमी झाली: ‘ऐंशी टक्के मारणारा नवा कोविड बनवला.’

आता दुसरी बाजू. त्याच जातीच्या उंदरांना मूळ विषाणू दिला तर शंभर टक्के मरतात. म्हणजे मूळ विषाणूच्या मानाने संकर सौम्यच झाला. पण ओमायक्रॉन दिलेले उंदीर मरत नव्हते; म्हणजे ओमायक्रॉनच्या मानाने तो जहाल झाला. ताकद वाढली की घटली? मोजपट्टीचं शून्य कुठे धरायचं, यावर उत्तर बदलतं.

पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेने सांगितलं की आम्हाला आधी कळवलं नव्हतं. विद्यापीठ म्हणालं, आमच्या समितीची आणि शहराच्या आरोग्य विभागाची परवानगी होती, आणि या प्रयोगाला तुमचा पैसा वापरलाच नव्हता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, आणि खोट नेमकी तीच होती. ‘ताकद वाढणार का?’ हा प्रश्न प्रयोगाआधी कोणीतरी तिऱ्हाइताने विचारायला हवा होता. तो वर्तमानपत्राने विचारला, प्रयोगानंतर.

यादीवरचे नियमही पुरत नाहीत. यादीत नसलेला विषाणू उद्या साथ आणू शकतो. आणि आता विषाणू कपाटातून चोरायचीही गरज उरलेली नाही: कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी घोड्यांच्या देवीचा निसर्गात दुर्मिळ झालेला विषाणू टपालाने मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून उभा केला आणि २०१८ मध्ये ते छापलं. खर्च सुमारे एक लाख डॉलर. माणसांच्या देवीचा विषाणू त्याच कुळातला आहे. म्हणून डीएनए विकणाऱ्या कंपन्यांनी मागणी पुरवण्याआधी तुकडा कशाचा आहे आणि मागणारा कोण आहे हे तपासावं, असा आग्रह वाढतो आहे. स्फोटकांतही वापरता येणारं अमोनियम नायट्रेट मागणाऱ्याची चौकशी होते, तशी.

‘एवढ्या नियमांनी संशोधनच मरेल’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१४ च्या स्थगितीत मर्सच्या विषाणूला उंदरात वाढायला शिकवण्याचं कामही अडकलं. ते का हवं होतं? कारण साध्या उंदराला मर्स होत नाही, आणि रोग न होणाऱ्या प्राण्यावर औषध तपासता येत नाही. नंतर अशा कामांना सूट द्यावी लागली. व्याख्या ढोबळ असली की चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

पण नियम म्हणजे संशोधनाचा अंत, हेही खरं नाही, आणि त्याचा सगळ्यांत चांगला पुरावा पन्नास वर्षं जुना आहे. एका सजीवाचं जनुक दुसऱ्यात घालता येतं हे कळलं तेव्हा, १९७४ मध्ये, अमेरिकी शास्त्रज्ञ पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच काही प्रयोग थांबवण्याचं आवाहन केलं. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला शास्त्रज्ञ जमले, जोखमीप्रमाणे बंदोबस्ताच्या पायऱ्या ठरल्या आणि पुढच्या वर्षी त्यांवर आधारित सरकारी मार्गदर्शक तत्त्वं आली.

त्यानंतरचं प्रकरण कमी लोकांना माहीत आहे. १९७६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात अशा कामासाठी प्रयोगशाळा बांधायचं ठरवलं. महापौर आल्फ्रेड व्हेलूची यांनी विरोध केला, जाहीर सुनावणी झाली, नगर परिषदेने काम तात्पुरतं थांबवलं आणि नागरिकांची समिती नेमली. त्या समितीत जनुकशास्त्राचे पंडित नव्हते. परिचारिका, व्यावसायिक अशी गावातली माणसं होती. त्यांनी कित्येक महिने शास्त्रज्ञांना बोलावून ऐकलं, शंका विचारल्या, वाचलं. शेवटी सांगितलं: काम होऊ द्या, पण आमच्या या जादा अटी पाळा. १९७७ मध्ये तसा स्थानिक नियम झाला. आज त्याच केंब्रिजमध्ये जगातल्या बड्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांची दाटी आहे. नियम स्पष्ट होता, लोकांनी तो समजून घेऊन केला होता, म्हणून कंपन्यांना तिथे यायची भीती वाटली नाही. ‘सामान्य माणसाला यातलं काय कळतं’ असं कोणी म्हणालं, की ही समिती मला आठवते.

‘कोविड प्रयोगशाळेतून आला का, ते आधी सांगा’

ते अजून सिद्ध झालेलं नाही. प्राण्यांकडून बाजारामार्गे आला असं बऱ्याच विषाणूतज्ज्ञांना वाटतं. प्रयोगशाळेतल्या अपघाताची शक्यता काही गुप्तचर संस्थांना जास्त वाटते, तीही फारशा खात्रीने नाही. पण देखरेखीचा प्रश्न त्या निकालावर अडून राहू नये. कोविड उद्या बाजारातून आला हे सिद्ध झालं तरी बीजिंग, बर्मिंगहॅम आणि डगवे घडलेलेच आहेत.

त्या वादातली एक बारीक गोष्ट मात्र इथे कामाची आहे. वुहानमधल्या कामाला अमेरिकी पैसा पोहोचवणाऱ्या इकोहेल्थ अलायन्स या संस्थेच्या अनुदानात एक अट होती: बदललेला विषाणू मूळच्या दहापट जास्त वाढताना दिसला, तर काम थांबवा आणि ताबडतोब कळवा. उंदरांवरच्या एका प्रयोगाचा निकाल वेळेत कळवला नाही, असं अमेरिकी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये म्हटलं. आम्ही अहवालात कळवलं होतं, असं संस्थेचं म्हणणं. जानेवारी २०२५ मध्ये तिला पाच वर्षं सरकारी निधीतून बाद केलं गेलं. त्या प्रयोगातले विषाणू कोविडच्या विषाणूचे पूर्वज असणं शक्य नव्हतं, इतके ते वेगळे होते. तरीही थांबण्याची रेघ आधी आखलेली होती म्हणूनच ती ओलांडली की नाही, हे नंतर विचारता आलं.

अपघात झाला तर शिक्षा कोणाला?

याचं उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. प्लेगची लस करणारे वाल्देमार हाफकिन यांची परळची प्रयोगशाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी तिथून आलेल्या लसीच्या एका बाटलीतून टोचलेले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. खापर हाफकिन यांच्यावर फुटलं, त्यांचं पद गेलं. पुढे निघालं, की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. बाकी कोणत्याही कारणाचा पुरावा टिकला नाही. दोषमुक्त व्हायला त्यांना १९०७ उजाडलं.

चौकशी निःपक्ष नसली की हाताशी सापडेल तो दोषी ठरतो, आणि हे एकदा पाहिलेला कर्मचारी पुढच्या वेळी चूक कळवत नाही, लपवतो. सुई टोचली, कुपी फुटली, फिल्टर बदलायचा राहिला, हे त्याच दिवशी निर्धास्तपणे सांगता आलं पाहिजे. विमान कंपन्यांत वैमानिक थोडक्यात टळलेले अपघात कळवतात आणि त्यातून सगळे शिकतात. प्रयोगशाळांना तशी व्यवस्था हवी. कडक शिक्षा लपवाछपवीला असावी.

आणि आपल्याकडे?

भारतात १९८९ पासून नियम आहेत, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केलेले. धोकादायक सूक्ष्मजीव किंवा जनुक बदललेले सजीव हाताळणाऱ्या संस्थेला स्वतःची जैवसुरक्षा समिती लागते. तिच्यात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला बाहेरचा सदस्य बसतो. जास्त जोखमीचं काम तिथून त्या विभागाच्या केंद्रीय समितीकडे जातं. जंतू आणि विषं परदेशी पाठवायला निर्यात परवाना लागतो, आणि २००५ च्या कायद्याने जैविक शस्त्रं बनवणं गुन्हा आहे. १९७५ मध्ये लागू झालेल्या जैविक शस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत आहे, मात्र त्या करारात कोण पाळतो आणि कोण नाही हे तपासायची यंत्रणाच नाही.

म्हणजे अमेरिकेला उशिरा सुचलेली एक गोष्ट आपल्याकडे आधीपासून आहे: नियम सरकारी पैशाला बांधलेले नाहीत. खासगी कंपनीलाही ते लागू होतात. पुण्या-मुंबईकडे लसी आणि औषधांचे एवढे कारखाने असताना ही फार मोलाची बाब आहे. पण हे नियम बांधलेत ते जंतू आणि जनुक यांच्याभोवती. विषाणू बाहेर पडणार नाही ना, हे ते नीट विचारतात. मिळणारी माहिती बाहेर पडली तर काय, हे तितक्या ठळकपणे विचारत नाहीत. आणि समितीतला तो बाहेरचा एक सदस्य बहुधा त्याच क्षेत्रातला, इतर सदस्यांना ओळखणारा प्राध्यापक असतो. त्याने बैठकीत एकट्याने ‘नाही’ म्हणायचं म्हणजे सोपं नसतं. केंब्रिजसारखी एखादी परिचारिका, एखादा वकील, त्या परिसरात राहणारं एखादं माणूस तिथे बसलं तर त्या सदस्यालाही बळ येईल.

राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांबद्दल मला मनापासून आदर आहे. कर्नाटकातल्या माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये पुण्यातल्या याच संस्थेने, तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, शोधला. त्या विषाणूची लागण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही झाल्याच्या नोंदी आहेत. जोखीम काय असते हे या लोकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. देखरेख मागणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असं मी मानत नाही. शस्त्रक्रियेआधी परिचारिका सर्जनला रुग्णाचं नाव आणि कोणता पाय हे मोठ्याने विचारते, तेव्हा त्यात सर्जनचा अपमान नसतो.

मला विचारलं तर मी जैवसुरक्षा समितीच्या अर्जात आणखी दोन रकाने घालीन. पहिला: या प्रयोगातून तुम्हाला अपेक्षित नसलेलं, पण शक्य असलेलं सर्वांत वाईट काय निघू शकतं? दुसरा: ते निघालं तर तुम्ही नेमके कुठे थांबाल आणि त्याच दिवशी कोणाला फोन कराल? दोन्ही रकाने पहिली कुपी उघडण्याआधी भरलेले हवेत, आणि दुसऱ्यात पदाऐवजी माणसाचं नाव हवं.